शून्याची पाटी

शाळेत एखाद्या बाई किंवा सर रजेवर गेले, की त्यांच्या तासाला वर्गावर बसवायला जो माणूस लागतो, त्याला क्रीडाशिक्षक म्हणतात. झेंडावंदनाचं संचलन, गॅदरिंगचा मंडप आणि बोर्डाच्या परीक्षेआधी बाकांवर नंबर टाकणं हीसुद्धा त्याचीच कामं. उरलेल्या वेळात त्याने मुलांना खेळवावं अशी अपेक्षा असते, सक्ती नसते. चाकणजवळच्या एका गावातल्या शाळेत मी ही नोकरी इमानेइतबारे केली आणि निवृत्त होऊन आकुर्डीत राहायला आलो. सकाळी बागेत फिरायला येणारे बाकीचे निवृत्त लोक आपण कुठल्या कंपनीत कुठल्या हुद्द्यावर होतो ते सांगतात. मी सांगतो, मी मुलींना बेसबॉल शिकवत होतो. मग ते पुन्हा आपापल्या कंपनीकडे वळतात.

हा खेळ आमच्या शाळेत खेळाच्या प्रेमापोटी आला, असं मी म्हणणार नाही. आमचे हेडसर तालुक्याच्या बैठकीहून आले आणि मला बोलावून म्हणाले, "क्रिकेटला, कबड्डीला गावोगावचे संघ. आपला नंबर कधी लागायचा? या बेसबॉलला मुलींचे संघच नाहीत म्हणे. उतरलं की थेट जिल्ह्याला. पोरींना खेळाचे वाढीव गुण मिळतील. बघा काही जमतंय का."

"सर, मला बेसबॉल येत नाही."

"मल्लखांब तरी कुठे येत होता?" हेडसर म्हणाले. हे खरं होतं. मी कामाला लागलो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी अगदी थोडक्यात सांगतो. मैदानावर चौकोन आखायचा. एका कोपऱ्यात फलंदाज उभा राहतो, त्या कोपऱ्याला होम म्हणजे घर म्हणतात. बाकीच्या तीन कोपऱ्यांवर जमिनीला धरून एकेक गादी असते, ते बेस. फलंदाजाने चेंडू मारायचा आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गादीवरून फिरून परत घरी यायचं, की एक धाव. चेंडू टाकणारा तो पिचर. शाळेच्या सामन्यात सात डाव असतात, आणि प्रत्येक डावात समोरचे तीन गडी बाद होईपर्यंत पिचरची सुटका नाही. प्रत्येक डावानंतर पाटीवर धावा लिहितात. सातही डावांत समोरच्या संघाला एकही धाव मिळाली नाही, तर त्याच्या नावापुढे ओळीने सात शून्यं लागतात. आमच्याकडे अशा पाटीला शून्याची पाटी म्हणत. पिचरच्या आयुष्यात याहून मोठा मान नाही.

आमच्या मुली गल्लीतल्या क्रिकेटवर वाढलेल्या. पहिल्याच सामन्यात आमच्या एका मुलीने चेंडू चांगला टोलवला आणि जागेवर उभी राहून तळहात दाखवला, 'नको, रन नाही' असा. समोर दुसरा फलंदाज नाही, हेही तिच्या लक्षात आलं नाही. बेसबॉलमध्ये चेंडू मारला की पळावंच लागतं. ती तिथेच उभ्या उभ्या बाद झाली आणि माझ्याकडे आली. "सर, मी तर डिफेन्स केला," असं तिचं म्हणणं होतं. त्या वर्षी आम्ही किती धावांनी हरलो ते सांगत नाही, पण पाटीवर आकडा लिहायला जागा कमी पडली.

पुढे वाचायचा नाद लागला. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत पैसे घेऊन खेळणारे पहिले संघ निघाले, त्या काळाबद्दल मिळेल ते वाचत गेलो. तेव्हा हातमोजे जवळजवळ नव्हतेच. संघाला बहुतेक वेळा एकच पिचर, तोच सगळे सामने टाकणार. तोही सुरुवातीला खांद्याखालून टाकायचा, आणि चेंडू उंच हवा की खाली हे फलंदाज मागून घ्यायचा. हे मी मुलींना सांगितलं तेव्हा एक म्हणाली, "म्हंजी हाटेलात ऑर्डर दिल्यागत." चेंडू एकच, तो काळा आणि मऊ पडेपर्यंत वापरायचा. उघड्या हातांनी झेलताना क्षेत्ररक्षकांच्या हातून चुका व्हायच्या, सामन्यागणिक ढिगाने. त्यामुळे शून्याची पाटी फार दुर्मीळ. पिचरने कितीही चांगलं टाकलं तरी मागच्या आठ जणांपैकी एकाचा हात सुटला की शून्य गेलं.

हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण आमची अवस्था हुबेहूब तीच होती. हातमोजे अपुरे, ते आळीपाळीने घालायचे. चेंडू एक, तो शेजारच्या कंपनीच्या भिंतीपलीकडे गेला की वॉचमन परत टाकेपर्यंत खेळ बंद. बेसच्या गाद्या गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्या दुकानातून लाल रेक्झिनच्या करून घेतलेल्या. आणि पिचर एकच, राधिका. आमचं बेसबॉल एकविसाव्या शतकात राहून एकोणिसाव्या शतकातलं होतं.

राधिका अकरावीत आमच्याकडे आली. लातूरकडचं कुटुंब. वडील ज्ञानोबा एका कंपनीत काँट्रॅक्टवर कामाला, गाडीचे सुटे भाग जोडायच्या लाइनवर. पोरगी उंच, मोजकं बोलणारी. चेंडू हातात दिला तेव्हा तिने तो उगाच वरखाली उडवला नाही, बोटांनी शिवण चाचपून पाहिली. मला तेवढ्यावरूनच कळलं. शिकवण्याच्या धंद्यात अशी खूण क्वचित मिळते आणि मिळाली की माणूस महिनाभर खुशीत असतो. तिचा चेंडू फलंदाजाजवळ येईपर्यंत सरळ यायचा आणि मग खाली बसायचा. फलंदाज मारायचे, पण चेंडू उडायचा नाही, जमिनीवरून सरपटत जायचा. म्हणजे पुढचं काम बेसवरच्या मुलींचं. चेंडू उचलायचा, पहिल्या बेसवरच्या मुलीच्या मोज्यात द्यायचा, आणि तिने गादीवर पाय ठेवला की धावणारी बाद.

यातली सगळ्यात पक्की मुलगी प्रणाली, तिसऱ्या बेसवरची. गावातल्या जुन्या शेतकरी घरातली. घरची थोडी जमीन कंपन्यांत गेलेली, थोडी उरलेली. चुलत भावांबरोबर क्रिकेट खेळून हिचा हात असा बसलेला, की लांबून एका स्टंपवर मारायची. गावातल्या टेनिस बॉलच्या सामन्यांत पोरं तिला हक्काने बोलवायची. तोच हात पुढे आमच्या मुळावर आला.

त्या वर्षी आम्ही जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचलो. हे माझ्यासाठीच नवल होतं. निवडणारे लोक या सामन्याला येऊन बसतात. जिंकणारा संघ पुढे विभागाला जातो आणि तिथून राज्याच्या संघात मुली घेतात. राज्याकडून खेळली, की खेळाडू म्हणून कॉलेजात जागा आणि हॉस्टेल मिळण्याची सोय होते. राधिकाला त्याची गरज होती. वडिलांचं काँट्रॅक्ट संपत आलं होतं. ते संपलं की कुटुंब गावी परत जाणार आणि गावी एक स्थळ तयारच होतं.

ज्ञानोबा त्या दिवशी पहिल्यांदाच मुलीचा खेळ बघायला आले. पहिली शिफ्ट संपवून, कंपनीच्या गणवेशातच. कुंपणाशी उभे राहून त्यांनी बराच वेळ पाटी पाहिली आणि हळूच माझ्याजवळ आले.

"सर, पोरगी लई वेळची टाकायली. अन् पाटीवर तर निस्ता शून्यच शून्य. काहीच जमंना का तिला?"

आपल्याकडे शून्य मिळालं म्हणजे पोराला घरी नेऊन बदडायचं, हा रिवाज. त्यांची चूक नव्हती. मी विचारलं, "तुमच्या कंपनीत खराब मालाची, रिजेक्शनची पाटी असते ना? तिच्यावर शून्य आलं तर?"

"तर साहेब चहा पाजतेत," ते म्हणाले. मग पुन्हा पाटीकडे पाहिलं. या वेळी जरा जास्त वेळ पाहिलं. "म्हंजी हे समदं तिनंच?"

"तिनंच."

ते परत कुंपणाशी गेले, आणि जाताना शर्टाची वरची गुंडी लावून घेतली.

सातवा डाव. आमची एक धाव, त्यांचं शून्य. दोन गडी बाद, त्यांची एक मुलगी दुसऱ्या बेसवर. राधिकाचा चेंडू बसला आणि फलंदाज मुलीने तो खरवडला, सरळ प्रणालीकडे. तिने तो अलगद उचलला. पहिल्या बेसवर आमची तनुजा मोजा उघडून उभी. प्रणालीने चेंडू तिच्याकडे टाकला असता तर सामना तिथे संपला असता. पण तिने गादीवर नेम धरला. एवढ्या लांबून जमिनीला धरून असलेल्या गादीवर नेम लागणं ही गंमत नाही. तिचा लागला. चेंडू लाल रेक्झिनवर फाडकन बसला आणि प्रणालीने दोन्ही हात वर केले, डायरेक्ट हिट.

चेंडू गादीवरून उडून प्रेक्षकांकडे गेला. तनुजा त्याच्यामागे धावली. दुसऱ्या बेसवरची मुलगी घरी पोचली, फलंदाज मुलगी पुढे पळत राहिली, आणि प्रणालीचे हात तोपर्यंत वरच होते. बरोबरी झाली. पुढच्याच फटक्यावर आम्ही हरलो.

सामना संपल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. "सर, मी नेम धरून मारला. बसला बी. मंग आऊट का न्हाई?"

"ती गादी आहे, स्टंप नाही. चेंडू माणसाच्या हातात गेला पाहिजे. गादीला हात नसतात बाळा."

हे मी वर्षभर सांगत होतो. पण दहा वर्षं गल्लीत जे हाताला शिकवलेलं असतं, ते मास्तरांच्या सांगण्याने जात नाही. राधिका लांब पाण्याच्या पिंपाशी पाठमोरी उभी होती. ज्ञानोबा तिच्याशी काहीतरी बोलले आणि मग माझ्याकडे आले.

"काँट्रॅक्टरशी बोलतो. मिळालं तर अजून एक साल राहतो. बारावी होऊ द्या तिची. पुढल्या साली हिची निवड झाली तर हॉस्टेलात धाडतो, माझा शब्द. न्हाई झाली तर मग माझ्या मनानं वागू द्या मला, सर."

त्यांना काँट्रॅक्ट वाढवून मिळालं. राधिकाच्या हातात एक वर्ष होतं, आणि ते तिच्यापेक्षा माझ्याच उरावर जास्त बसलं होतं.

मी बरेच उपाय केले. मधल्या सुट्टीतलं क्रिकेट बंद करून पाहिलं, मुलींनी ते शाळेबाहेर सुरू केलं. गादी काढून टाकून सराव घेतला. गादी परत ठेवली की प्रणालीचा हात परत तिकडेच. शेवटी एक नियम केला. ज्या मुलीकडे चेंडू द्यायचा तिचं नाव मोठ्याने घ्यायचं, मगच चेंडू सोडायचा. गादीचं नाव घेता येत नाही, माणसाचंच घ्यावं लागतं. नाव घेतलं की डोळे आपोआप माणसाकडे जातात.

मुलींना याचा फार आनंद झाला. "सर, उखाण्यात घ्यायचं का?" तनुजाने विचारलं. दोन दिवस मैदानावर नुसते उखाणे चालले होते. तिसऱ्या दिवशी हसणं ओसरलं आणि सवय लागायला सुरुवात झाली. बाहेरच्या रस्त्यावरून कंटेनर जायचे त्यांच्या आवाजावर आमच्या मुलींची नावं ऐकू यायची. गावातली बायाबापडी थांबून विचारायची, कुणाला एवढ्या हाका मारताय.

एक अडचण मात्र माझ्या ध्यानातच आली नव्हती. राधिका प्रणालीशी बोलत नव्हती. त्या सामन्यापासून एक शब्द नाही. भांडण नाही, टोमणा नाही, नुसतं मौन. आता नियमाप्रमाणे तिसऱ्या बेसवर चेंडू द्यायचा तर प्रणालीचं नाव घ्यायला हवं. तर या बाईंनी तिसऱ्या बेसकडे चेंडू टाकणंच सोडून दिलं. सरळ तिथे द्यायचा चेंडू ती वळून दुसऱ्या बेसला द्यायची. मी ओरडायचो. ती खाली मान घालून ऐकायची आणि परत तेच करायची. शाळेत ज्यांना बारावी म्हणतात ती माणसं मनाने दुसरीतलीच असतात.

प्रणालीने मात्र तक्रार केली नाही. ती राधिकाकडे चेंडू परत करताना दर वेळी नाव घ्यायची, "राधिकाऽ", स्वच्छ आवाजात. उत्तराची वाट बघायची नाही. असे बरेच दिवस गेले. मग एका सरावाला धावणारी मुलगी तिसऱ्या बेसकडे सुटली, दुसरा मार्गच नव्हता, आणि राधिकाच्या तोंडून "प्रणाली" निघून गेलं. चेंडू मोज्यात बसला. प्रणाली म्हणाली, "आवाज हाय व्हय तुला? मला वाटलं घसा बसलाय." राधिका हसली. मी शिट्टी फुंकून सराव पुढे चालू केला.

पुढच्या वर्षीचा अंतिम सामना पुन्हा आमच्याच मैदानावर, पुन्हा त्याच संघाशी. निवडणारे मंडपात बसलेले, ज्ञानोबा कुंपणाशी त्याच जागी. मी राधिकाला एवढंच सांगितलं, "पाटीकडे बघू नकोस." मी स्वतः मात्र दर डावाला बघत होतो. शून्य, शून्य, शून्य. खडू चालवणारे आमचे शिपाईमामा. एरवी त्यांच्या आकड्यांचं वळण काही सुंदर नव्हतं, पण शून्यं त्यांनी त्या दिवशी फार निगुतीने काढली.

सातवा डाव आणि पुन्हा आमची एकच धाव. दोन गडी बाद, त्यांची मुलगी या वेळी तिसऱ्या बेसवर, घरापासून एकाच टप्प्यावर. राधिकाचा खांदा दमला होता, मला दिसत होतं. बदली पिचर माझ्याकडे नव्हती. चेंडू बसला, पण जरा उशिरा. फलंदाज मुलीने तो हळूच ढकलला आणि तो सरपटत राधिकाकडेच आला. तनुजा तो उचलायला पुढे धावून आली होती, चेंडू आपला नाही हे कळल्यावर उलटी पळत सुटली. राधिकाने चेंडू उचलला, वळली, आणि समोर पहिल्या बेसची गादी एकटी होती. लाल, रिकामी, कुणी नाही.

मी तिचा हात पाहिला. तो मागे गेला होता आणि तिचे डोळे गादीवर होते. वर्षभर प्रणालीला सांगितलेलं सगळं, राधिका आता स्वतः विसरली होती. कारण तीही गल्लीतलीच. रिकामी गादी दिसली की हातातलं क्रिकेट जागं होतं. मी ओरडायला तोंड उघडलं.

मागून तिसऱ्या बेसवरून आवाज आला. "तनुजाऽ!"

राधिकाचा हात थांबला. अगदी अर्धा श्वास. तेवढ्यात तनुजा गादीवर पोचली, मोजा वर केला, आणि राधिकाने चेंडू तिला दिला. फलंदाज मुलीचा पाय अजून हवेत होता. पंचाचा हात वर गेला, तिसरा गडी बाद. फलंदाज पहिल्या बेसआधीच बाद झाली, की तिसऱ्या बेसवरून घरी पळालेलीची धावही धरत नाहीत.

मुलींनी राधिकाला घेरलं, उचललं, पाडलं. राधिका त्यातून सुटून तिसऱ्या बेसकडे गेली. प्रणाली आपला मोजा झाडत होती, जणू काही झालंच नाही. दोघी काय बोलल्या मला ऐकू आलं नाही. राधिकाने कपाळ तिच्या खांद्यावर टेकलं एवढं दिसलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. राधिकाची निवड झाली, ती राज्याकडून खेळली, ज्ञानोबांनी शब्द पाळला. आज ती हॉस्टेलात राहून क्रीडाशिक्षकाचाच अभ्यासक्रम करते आहे. मी तिला गॅदरिंगच्या मंडपाबद्दल आत्ताच सावध करून ठेवलं आहे. प्रणालीची निवड झाली नाही, याची मला आजही हळहळ वाटते. जिने चेंडू टाकला नाही, झेलला नाही, फक्त एक नाव घेतलं, तिच्यासाठी गुणपत्रकात रकानाच नाही. मी निवडणाऱ्यांना सांगून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहा मागवला. आता ती चाकणला एका कंपनीत असेंब्लीला आहे. रविवारी सुट्टी असली की शाळेच्या मैदानावर येते आणि पाचवी-सहावीच्या मुलींना खेळवते. मागच्या महिन्यात मी मुद्दाम गेलो होतो. एवढ्याएवढ्या पोरी एकमेकींची नावं घेत चेंडू टाकत होत्या. हा नियम कुठून आला, हे त्यांतल्या एकीलाही माहीत नव्हतं.

पण मला आठवतो तो त्या अंतिम सामन्याचा शेवट. बक्षिसं झाली, मंडप उतरत होता. शिपाईमामा ओलं फडकं घेऊन पाटीकडे निघाले. पाटी शाळेची होती, दुसऱ्या दिवशी वर्गात लागणार होती. ज्ञानोबा कुंपण ओलांडून जवळजवळ पळत आले आणि पाटीच्या आडवे उभे राहिले.

"मामा, थोडा वेळ राहू द्या की," ते म्हणाले. "आमच्या लाइनवरचे दोघं-तिघं निघालेत कंपनीतून. त्यांना दाखवायचंय."

"काय दाखवायचंय?" मामांनी विचारलं.

"पोरीचे शून्य," ज्ञानोबा म्हणाले.

मामांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि तेही त्यांच्या शेजारी वाट बघत उभे राहिले.